जात हाडात नसते, ताटात असते

(कवठे महांकाळ इथं तरुणांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



आज मला उंचीवर बोलायचंय. ध्येयाची उंची, विचारांची उंची, असलं काही नाही. ती पोकळ उंची पुढारी रोज व्यासपीठावरून फुकट वाटतात. मी बोलणार आहे टेपेनं मोजतात त्या उंचीवर. सेंटिमीटरवर. पाच वर्षांचं पोर भिंतीला टेकवून उभं केलं तर डोक्यावर रेघ कुठं येते, त्या रेघेवर.

कुणी म्हणेल, चळवळीच्या शिबिरात हा कसला विषय? जमीन, नोकरी, अत्याचार सोडून हा गडी पोरांची उंची काय मोजत बसलाय? तर सांगतो. जमीन गेली तर सातबारा दाखवता येतो. मारहाण झाली तर वळ दाखवता येतात. पण पोराच्या हाडातून जे काढून घेतलं जातं, त्याचा पंचनामा कुठल्याच ठाण्यात होत नाही. चोरी होते, आणि आपल्याकडं तो माल कधी होता याचाच घरच्यांना पत्ता नसतो. आई म्हणते, "आमच्यात समदी अशीच बारकी असत्यात." चोरी इतकी जुनी झाली की तिला आपण वारसा म्हणायला लागलो!

हे 'आमच्यात' काय आहे ते आज फोडून बघू.

आपला मुलूख जनावरांचा. शेजारच्या जत तालुक्यात माडग्याळ आहे. तिथल्या मेंढीचं नाव कुठवर गेलंय तुम्हाला माहीत आहे. आटपाडी-जतकडचा खिलार बैल बाजारात उभा राहिला की बघत राहावा. अशा जनावराला मराठीत 'जातिवंत' म्हणतात. आणि माणसालाही जातच म्हणतात. जनावराच्या पैदाशीला आणि माणसाच्या पायरीला एकच शब्द! या एका शब्दात मनूचं निम्मं काम होऊन जातं. ऐकणाऱ्याला वाटतं, मेंढीची जात जशी रक्तात तशी माणसाचीही रक्तात.

पण मेंढपाळाला विचारा. तो मनूपेक्षा शहाणा आहे. उत्तम माडग्याळ कोकरू आहे, पण आई आटली, चारा नाही, पोटात जंत झाले, तर ते कोकरू खुरटतं. धनगर 'रक्त बिघडलं' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'हयगय झाली.' कोकराला जो न्याय मिळतो तो आपल्या पोराला मिळत नाही. पोर खुरटलं की म्हणतात, जातच तसली.

अजून एक रानातला दाखला. एकाच ओंजळीतली मालदांडी ज्वारी घ्या. अर्धी काळ्या रानात पेरा, अर्धी मुरमाड माळावर. काळ्या रानात एक ताट दुसऱ्यापेक्षा चार बोटं उंच असेल, तो बियाणाचा फरक. माळावरही दोन ताटांत तसाच फरक असेल. पण काळं रान आणि माळ यांच्यात जो कमरेएवढा फरक दिसतो, तो बियाणाचा नाही. तो जमिनीचा. बापासारखा मुलगा उंच होतो हे खरं आहे, कोण नाही म्हणतंय? पण एका वाड्यातली पोरं आणि एका वस्तीतली पोरं यांच्यातला फरक बापाच्या रक्तानं सांगता येत नाही. तो रानाचा फरक आहे. आणि गावातलं काळं रान कुणाकडं आहे नि माळ कुणाच्या वाट्याला आलाय, हे मी कवठे महांकाळात येऊन सांगायची गरज नाही.

आता थोडा इतिहास. माणसाच्या अंगाला टेप लावायचा धंदा जुना आहे. हर्बर्ट रिस्ले नावाचा इंग्रज अधिकारी होऊन गेला. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. त्यानं हिंदुस्थानातल्या लोकांची नाकं मोजली, लांबीला रुंदीनं तोललं, आणि म्हणाला, नाक जितकं रुंद तितकी जात खालची. त्याच काळात इंग्रजांनी 'लढाऊ जमाती' नावाचं खूळ काढलं. कोरेगावला १८१८ साली लढलेल्या महारांची पलटणीतली भरती १८९० च्या दशकात बंद केली. का, तर म्हणे हे लढाऊ रक्ताचे नाहीत. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढं शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. एका खोट्या मोजमापानं आपल्या किती पिढ्यांची भाकरी काढून घेतली, ते बघा.

बाबासाहेबांनी हे मोजमाप टाकून दिलं नाही. ते हातात घेतलं आणि उलटवलं. अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली आला. त्यात त्यांनी नाकाच्या मापांचे तेच आकडे मांडले आणि दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे असल्याचं हे आकडे सांगतच नाहीत. त्याआधी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' मध्ये त्यांनी जातीला वंशसुधारणेचं शास्त्र म्हणणाऱ्यांना विचारलं होतं, की जातीनं जर माणसाची पैदास सुधारते, तर इतकी शतकं जात पाळणाऱ्या या देशातली माणसं अंगानं एवढी दुबळी का? या प्रश्नाला आजवर उत्तर आलेलं नाही.

आणखी एक नाव घेतो. इरावती कर्वे. बाई आपल्या चळवळीच्या नव्हत्या. पण १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा त्यांचा गुरू होता ऑयगेन फिशर. पुढं नाझींना ज्याच्या शास्त्राचा उपयोग झाला तोच. गोऱ्यांची कवटी वेगळी, म्हणून अक्कल वेगळी, हे त्याला सिद्ध करून पाहिजे होतं. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तोंडावर सांगितलं, वंशाचा आणि याचा संबंध दिसत नाही. टेप मालकाच्या बाजूनं बोलत नाही, दोस्तांनो. प्रामाणिक हातात असली तर ती खरं बोलते. म्हणून ती आपल्या हातात पाहिजे.

जगभर टेपेनं काय सांगितलं? १९१२ साली फ्रान्झ बोआसनं अमेरिकेत आलेल्या परदेशी लोकांच्या पोरांची मापं छापली. आईबाप तेच, रक्त तेच, देश बदलला आणि पोरांच्या अंगाची ठेवण बदलली. ग्वाटेमालातल्या माया आदिवासींना लोक जन्माचे बुटके समजत. यादवीत पळून अमेरिकेत गेलेल्या माया कुटुंबांची पोरं मोजली, तर ती मायदेशातल्या त्याच वयाच्या माया पोरांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर उंच निघाली. ११ सेंटिमीटर, एका पिढीत! हॉलंडचे लोक आज जगात सगळ्यात उंच. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या पलटणीत भरती होणारी पोरं युरोपातल्या ठेंगण्यांत जमा होती. त्यांचे देव बदलले नाहीत, रक्त बदललं नाही. दूध, पाणी, मजुरी, दवाखाना बदलला.

१९७४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकाच्या नियतकालिकात काही संशोधकांनी हिशेबच मांडला. वेगवेगळ्या वंशांची, पण चांगलं खाऊनपिऊन असलेली लहान मुलं घेतली तर उंचीत फरक पडतो शेकडा ३. त्याच देशांत सुखवस्तू आणि गरीब यांच्यातला फरक शेकडा १२ पर्यंत जातो. वजनात तर वंशाचा फरक ६ आणि गरिबीचा ३०.

मग जागतिक आरोग्य संघटनेनं १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतली पोरं मोजली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. सुमारे साडेआठ हजार पोरं. अट एकच, आईचं दूध मिळालेलं असावं, घरात ददात नसावी, दवाखाना हाताशी असावा. भारतातली पोरं घेतली दक्षिण दिल्लीतल्या सुखवस्तू घरांतली. निकाल काय? नॉर्वेचं गोरं पोर, घानाचं काळं पोर आणि दिल्लीचं आपलं पोर पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखंच वाढतं. उंचीत जो सगळा फरक आढळला त्यातला देशादेशांमधला शंभरात फक्त ३ भाग. त्यावरून २००६ साली सगळ्या जगाला एकच तक्ता दिला. पाच वर्षांचं पोर सुमारे ११० सेंटिमीटर असावं. सुमारे एक मीटरच्या आत राहिलं, तर त्याची वाढ खुंटली.

आता कुणी म्हणेल, हे सगळं मान्य झालंय, मग भांडतोस कुणाशी? अहो, नाही झालं मान्य! २०१३ साली अरविंद पनगढिया नावाच्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञानं लिहिलं, की भारतीय पोरं आफ्रिकेतल्या पोरांपेक्षा बुटकी दिसतात ती उपासमारीनं नव्हे, ती बांध्यानंच लहान आहेत, जगाचा तक्ता आपल्याला लागू नाही. म्हणजे रिस्लेचं भूत कोट घालून परत आलं! पट्टीच आखूड करा, म्हणजे खुजं पोर कागदावर उंच होईल.

त्याला उत्तर अश्विनी देशपांडे आणि राजेश रामचंद्रन या दोघांच्या अभ्यासात आहे. त्यांनी 'भारतीय पोरं' हे गाठोडं सोडलं आणि विचारलं, कुठली भारतीय पोरं? आफ्रिकेत वाढ खुंटलेली पोरं शंभरात ३१. भारतात सगळी मिळून ३६. पण भारतातल्या उच्चवर्णीय हिंदूंची वेगळी काढली तर २६. आफ्रिकेपेक्षा कमी! आणि आपली, अनुसूचित जातींची, ४०. आता सांगा, भारतीय रक्तच बुटकं असेल तर वरच्या आळीत ते उंच कसं होतं? आणि पुढं ऐका. ज्या भागात शिवाशिव पाळण्याचं प्रमाण जास्त, त्या भागात दलित पोरांची उंची कमी. दुसरा एक अभ्यास २०१९ साली आला. त्यातही दिसलं, की आजूबाजूला वरच्या जातीची घरं जितकी जास्त, तितकी खालच्या मानलेल्या जातींची पोरं खुजी. म्हणजे उंची कमी होते ती नुसत्या दारिद्र्यानं नाही. मान खाली घालायला लावणारा शेजार असला, तर पोराचं हाडही खाली बसतं.

सरकारचे आकडेही ऐका. २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. देशात पाच वर्षांखालची वाढ खुंटलेली पोरं शंभरात ३५ हून जास्त. आदिवासींत ४१, अनुसूचित जातींत ३९, आणि ज्यांना सरकार 'इतर' म्हणतं त्यांच्यात ३०. सगळ्यात गरीब पाचव्या हिश्श्यात ४६, सगळ्यात श्रीमंत हिश्श्यात २३. आपला प्रगत, पुरोगामी, फुले-शाहू-आंबेडकरांचा महाराष्ट्र? ३५.२. देशाला धरूनच! पाच वर्षांआधी होता ३४.४. म्हणजे पुढं जायचं सोडून तसूभर मागंच.

इथं एक गोष्ट स्वच्छ बोलतो. शंभरात ३० 'इतर' पोरंही खुजीच आहेत. माळावरच्या कोरडवाहू मराठ्याचं पोर, मेंढरांमागं फिरणाऱ्या धनगराचं पोर, मुसलमान कारागिराचं पोर यांचीही वाढ खुंटते. ती पोरं आपली वैरी नाहीत. भुकेनं त्यांनाही चावलंय. आपल्याला भूक चावते आणि वर जातही चावते, एवढाच फरक. म्हणून भांडण करायचं ते त्यांना सोबत घेऊन.

आता ही चोरी होते कशी ते बघू. कारण चोर कुठून शिरतो हे कळल्याशिवाय दार लावता येत नाही.

चोर शिरतो आईच्या पोटातून. पोर जन्मतं तेव्हा सुमारे ५० सेंटिमीटर असतं. पहिल्या वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १२. पुन्हा आयुष्यात कधी इतकं वाढत नाही. पोटातले नऊ महिने आणि ही दोन वर्षं, मिळून हजार दिवस. या हजार दिवसांत जे गेलं ते बहुतेक कायमचं गेलं.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याभोवतीच्या खेड्यांत १९९३ पासून गरोदर बायांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मली सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पोटभर भाकरी किती खाल्ली यानं फारसा फरक दिसला नाही. ज्या बायांना हिरवी पालेभाजी, फळं, दूध मिळालं त्यांची बाळं मोठी. आणि ज्या बायांना गरोदरपणात अंगमेहनतीची कामं जास्त पडली, त्यांची बाळं लहान. हे दुष्काळी आफ्रिकेतलं नाही, पुणे जिल्ह्यातलं आहे.

आता आपल्या तालुक्यावर या. म्हैसाळ योजनेनं कृष्णेचं पाणी वर उचललं आणि माळ हिरवा झाला. चांगलं झालं. द्राक्षबागा आल्या, बेदाण्याची शेडं आली. बागेत विरळणीला कोण? आपल्या बाया. घड औषधात बुडवायला, डिपिंगला, हात वर करून दिवसभर मांडवाखाली कोण? आपल्या बाया. पोटुशी असली तरी. मणी किती मिलिमीटरचा झाला हे बागायतदार रोज मोजतो. मण्याची लांबी वाढावी म्हणून महागाची औषधं आणतो. मोजू दे, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण ज्या तालुक्यात द्राक्षाचा मणी मिलिमीटरनं मोजला जातो, त्या तालुक्यात तो मणी वाढवणाऱ्या बाईचं पोर सेंटिमीटरनं तरी मोजलं जावं की नाही? ती बाई संध्याकाळी घरी येऊन काय खाते, हे कुणी विचारावं की नाही?

दुसरं दार पाण्याचं. घाण पाण्यानं पोराला हगवण लागते. एकदा, दोनदा, वर्षातून सहा वेळा. आतडं सुजतं. खाल्लेलं अन्न हाडाला न जाता रोगाशी झगडण्यात जातं. म्हणून नुसती खिचडी वाढून पोर वाढत नाही. पाणी पाहिजे, संडास पाहिजे, गटार पाहिजे. १९२७ साली बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले ते माणुसकीच्या हक्कासाठी. पण शरीरशास्त्रानंसुद्धा ते बरोबरच होतं. पाणवठा आणि पोराची उंची यांचा संबंध आज डॉक्टर सांगतात. टँकर गावात आधी कुठं थांबतो आणि वस्तीवर शेवटी काय उरतं, हे तुम्ही मला सांगा.

तिसरं दार स्थलांतराचं. जत, आटपाडी, बीड इथून टोळ्या उसाला निघतात. मुकादमाची उचल घेतली की नवरा-बायको मिळून एक कोयता होतात. माणूस नाही, कोयता! दिवाळीच्या पुढं गाव सोडायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. पोर पाचटाच्या कोपीत वाढतं. त्याचं नाव गावच्या अंगणवाडीत, आणि पोट कारखान्याच्या अड्ड्यावर. हजार दिवसांतले पाच-सहा महिने दरवर्षी असे गायब.

चौथं दार अंगणवाडीचंच. माझ्या बहिणीच्या गावात, नाव घेत नाही, अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात भरायची. आपल्या पोरांना येऊ नका असं कुणी म्हणत नव्हतं. कायदा माहीत आहे सगळ्यांना. फक्त आपली पोरं पायरीवर बसायची आणि डाव त्यांच्या ताटापर्यंत येईस्तोवर पातेल्यात तळ लागलेला असायचा. बहीण म्हणाली, "दादा, भांडू कुणासंगं? कुणी काय बोललंच न्हाय." ही आजची शिवाशिव. ती बोलत नाही, नुसती वाढताना हात आखडते.

आणि पाचवं दार आपल्याच घरात आहे. पुरुषांनो, इकडं बघा. सगळ्यांत शेवटी जेवतं कोण? उरलंसुरलं खातं कोण? सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी २०१७ साली दाखवलं, की भारतात थोरला मुलगा आफ्रिकेतल्या पोराच्या तोडीस तोड वाढतो, आणि मागची भावंडं, त्यातही मुली, मागं पडतात. उपाशी मुलगी खुजी होते, खुज्या मुलीची आई होते, आणि लहान आईच्या पोटी लहान बाळ येतं. चोरीचा माल असा पिढीदरपिढी उतरत जातो. म्हणूनच ते रक्तातलं वाटतं. मनू फक्त वाड्यात राहतो असं समजू नका. तो आपल्या चुलीपाशीही पाट टाकून बसलेला आहे. त्याला उठवा.

या चोरीचा हिशेब पोराला कधी कळतो? अठरा-वीस वर्षांनी, पोलीस भरतीच्या मैदानावर. पहाटे चारला उठून पळणारी आपली पोरं मला माहीत आहेत. गोळा फेकतात, दम आहे, लेखीचा अभ्यास आहे. आणि टेपेखाली उभी राहिली की १६३. पाहिजेत १६५. बाहेर! जातीचा दाखला पाकिटात, पदवी पाकिटात, आणि दोन सेंटिमीटर कुठं गेले? ते वीस वर्षांपूर्वी गेले, जेव्हा त्याची आई सातव्या महिन्यात खडी फोडत होती. राखीव जागा हजार दिवसांनंतर उघडते, चोरी हजार दिवसांच्या आत होऊन गेलेली असते. म्हणून मी म्हणतो, पोराची उंची हा आपल्या नोकरीचाही प्रश्न आहे, हक्काचाही.

आणि लगेच हेही सांगतो, बुटका माणूस कमी माणूस नव्हे. उद्या कुणी वस्तीत येऊन 'खुजी पोरं' म्हणून बोट दाखवील, त्याचं बोट मोडा. लाज खुरटलेल्याला नाही, खुरटवणाऱ्याला वाटली पाहिजे. उंची हा दागिना नाही. ती साक्ष आहे. जे हाड वाढू शकलं नाही, त्याच्याबरोबर मेंदूचं पोषणही तुटलेलं असू शकतं. म्हणून तर बोलायचं.

हे बदलतं का? बदलतं! २००५ साली महाराष्ट्रात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. मेळघाट आणि इतर आदिवासी भागांतल्या बालमृत्यूंची ओरड झाल्यावर सरकारला जाग आली. २००५-०६ मध्ये राज्यात दोन वर्षांखालची वाढ खुंटलेली पोरं शंभरात ३९ होती. २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ झाली. सात वर्षांत! सात वर्षांत कुणाचं रक्त बदलतं का? सात वर्षांत बदलला तो कारभार. मग कारभार ढिला झाला आणि प्रगती तिथंच थांबली.

कारभार ढिला म्हणजे कसा, ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. एक! जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे बंद केले. म्हणे लोकवर्गणीतून करा. आणि २०१५ साली कायदा करून बैलाच्या मांसावर बंदी घातली. गरिबाच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त मटण धर्माच्या नावानं उचललं. मटण काढलं, अंडं काढलं, डाळ महाग. आणि वरून विचारतात, तुमच्यातली पोरं बारकी का?

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबापांनी खडी फोडली, मिलो खाल्ला, पोरांना सुकडी मिळाली. तेव्हा सरकार म्हणालं, पाऊस नाही. आता पाणी आलंय, बागा आल्यात, तालुक्यातून बेदाणा दूरदूर जातो. आता कुठलं कारण सांगणार?

म्हणून, दोस्तांनो, भाषण पुरे. काम सांगतो.

एक. प्रत्येक वस्तीत टेप आणि काटा आपला. अंगणवाडीत वजन होतं, उंची बऱ्याचदा अंदाजानं लिहितात. दर तीन महिन्यांनी पाच वर्षांखालचं प्रत्येक पोर मोजा. लहान असेल तर निजवून, मोठं असेल तर भिंतीला टाचा टेकवून, अनवाणी. जन्मतारखेसकट वहीत लिहा. जातीचं नाही, सगळ्यांचं. शेजारच्या आळीतलं गरीब पोर आलं तर त्याचंही.

दोन. जिथं वस्तीत अंगणवाडी नाही तिथं मागा. १३ डिसेंबर २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. सहा वर्षांखालची चाळीस पोरं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागितल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना आधी. ही भीक नाही. अर्जावर आदेशाची तारीख लिहा.

तीन. शाळेच्या चुलीवर आपली बाई. २० एप्रिल २००४ चा आदेश आहे, स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी बायांना प्राधान्य. एका पातेल्यातून एका हातानं सगळ्या पोरांनी जेवणं, हे जातिभेद निर्मूलनाचं रोजचं प्रात्यक्षिक आहे. पालकांनी पोरं उठवली तर आपण तिथं जाऊन बसायचं.

चार. आदिवासी भागात गरोदर बाईला रोज एक वेळचं ताजं जेवण आणि पोरांना अंडी देणारी अमृत आहार योजना आहे. ती दुष्काळी तालुक्यांतल्या मजूर बाईला का नाही? कवठे महांकाळ, जत, आटपाडीला का नाही? आणि ऊसतोडीच्या अड्ड्यावर, हंगाम सुरू व्हायच्या दिवशी, अंगणवाडी का नाही? तहसीलवर मोर्चा या मागणीसाठी काढा. वहीतले आकडे हातात घेऊन काढा. आकडा खोटा ठरवायला त्यांना आपली पोरं मोजावी लागतील. मोजू देत!

पाच. घरात मुलीचं ताट आधी. पोटुशी बाईचं ताट सगळ्यांच्या आधी. याला मोर्चा लागत नाही. आज रात्रीपासून करा.

आपल्या आज्यांना गावानं मान वर करू दिली नाही. आपण मान वर केली, ती बाबासाहेबांमुळं. आता मानेखालचं सगळं हाड हक्कानं वाढलं पाहिजे. ज्या दिवशी या तालुक्यातल्या बागायतदाराचं पोर आणि त्याच्या बागेत डिपिंग करणाऱ्या बाईचं पोर एका भिंतीला टेकून उभं राहील आणि दोन रेघांतून जात ओळखता येणार नाही, त्या दिवशी जात हाडात नव्हती हे सगळ्यांना दिसेल. तोवर टेप खाली ठेवायची नाही.

जयभीम!